काटा सातशे साठच्या पुढे

गेल्या जानेवारीत एका मुलीची नोकरी माझ्या एका शब्दावर येऊन थांबली होती, आणि लपवून काय उपयोग, मला त्याचा आनंद झाला होता. मुलीचं वाईट व्हावं असं काही मनात नव्हतं. पण निवृत्त होऊन आठ वर्षं झाली की आपल्या शब्दावर घरातला मिक्सरसुद्धा थांबत नाही. तिथे एका माणसाची नोकरी थांबते म्हणजे अजून आपल्यात काहीतरी शिल्लक आहे, असं वाटलं.

फोन आला तो आमच्या जुन्या वर्कशॉपमधून. पनवेलच्या औद्योगिक वसाहतीत दोन गाळे जोडून उभं केलेलं ते वर्कशॉप. तिथे मी बावीस वर्षं काम केलं. मालक आता नाहीत, त्यांची मुलगी सगळं बघते. ती शाळेच्या गणवेशात आमच्या टेबलाखाली बसून डबा खायची तेव्हापासूनची आमची ओळख. त्यामुळे जगाची ती मॅडम असली तरी मला ती काकू म्हणते आणि मी तिला अगं.

आमचं काम काय, हे नातेवाइकांना समजावता समजावता माझी नोकरी संपली. अजून अर्ध्या लोकांना वाटतं मी घड्याळं दुरुस्त करायचे. व्हॅक्यूम गेज दिसतो खरा घड्याळासारखा: गोल तबकडी आणि तिच्यावर एक काटा. एखाद्या टाकीतली हवा पंपाने ओढून काढायची आणि किती काढली ते त्या काट्याने सांगायचं. काटा शून्यावर असला की हवा आहे तशी आहे. पंप सुरू केला की काटा चढतो, शंभर, दोनशे, पाचशे, आणि सातशे साठला तबकडीवरचे आकडे संपतात. आत काढण्यासारखं काही उरलं नाही, असा त्याचा अर्थ. हे पाऱ्याचे मिलिमीटर, पण ते विसरलात तरी चालेल.

कारखान्यातले गेज वापरून वापरून थापा मारायला लागतात. मग ते आमच्याकडे यायचे. आम्ही त्यांना आमच्या खात्रीच्या गेजशेजारी बसवायचो, दोघांना एकच पंप लावायचो, आणि खोटं कोण बोलतंय ते पकडायचो. त्या खात्रीच्या गेजला मास्टर गेज म्हणतात. वर्कशॉपमधला तो देव. लाकडी पेटीत राहतो, मऊ कापडाने पुसला जातो, ओल्या हाताने त्याला कुणी शिवत नाही.

तर फोनवरची हकीकत अशी. एका औषधांच्या कारखान्याने आमच्याकडून तपासून नेलेले पाच गेज परत पाठवले होते. सोबत पत्र: काटा सातशे साठ दाखवतो, म्हणजे टाकी पूर्ण रिकामी; तरीही आत वाळत घातलेली पावडर दमट राहते; कारण लेखी कळवावे. वर्कशॉपमध्ये सात महिन्यांपूर्वी एक मुलगी तंत्रज्ञ म्हणून लागली होती. उरणकडच्या कोळीवाड्यातली, आयटीआय केलेली. तिला सांगितलं, पाचही पुन्हा तपास आणि सही करून पाठवून दे. तिने तपासले. पाचही मास्टरशी तंतोतंत जुळले. आणि तरी ती सही करेना. म्हणे, मास्टरच चुकीचा आहे.

"काकू, मास्टर," मालकांची मुलगी फोनवर म्हणाली. एखाद्याने ग्रामदेवतेबद्दल काही बोलावं आणि ते आपल्याला दुसऱ्याला सांगावं लागावं, असा तिचा आवाज होता. "दर वर्षी मोठ्या प्रयोगशाळेतून तपासून येतो. वर तुमच्या नियमाने आपण पुन्हा लावून घेतो. महिनाअखेर हिला कायम करायचं की नाही ते ठरवायचंय. हुशार आहे हो, पण ऐकतच नाही. तुम्ही येऊन समजवा. ऐकलं तर ठीक, नाहीतर शनिवारी मी तिला येऊ नको म्हणून सांगणार."

तुमच्या नियमाने. हे दोन शब्द मी अत्तराच्या फायासारखे कानात घालून ठेवले आणि संध्याकाळभर त्यांचा वास घेत बसले.

आता त्या नियमाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

मी वर्कशॉपमध्ये लागले तेव्हा अडतीस वर्षांची होते. फिजिक्सची पदवी होती, पण ती सतरा वर्षं पोळपाटाखाली होती आणि नुकतीच झटकून बाहेर काढली होती. तेव्हाच्या त्या बाईला मी 'शहाणी' म्हणते. आज मला ती कुठे भेटली असती तर दोन मिनिटं बोलून मी समोरून येणारी पहिली रिक्षा पकडली असती.

शहाणीला अचूकपणाची बाधा झाली होती. गेज वाचण्याआधी त्याच्या काचेवर एक टिचकी मारायची असते. आतले बारीक दाते कधीकधी आळसावतात, काटा वाटेतच टेकतो. टिचकीने तो जागा होतो आणि आपल्या खऱ्या जागी जातो. हे अगदी बरोबर आहे, आजही करतात. पण शहाणी टिचकी अशी मारायची की मैफिलीआधी कुणी तबला लावतंय. पुढे तिला सवयच लागली. वाण्याच्या काट्याला टिचकी, रिक्षाच्या मीटरला टिचकी. मासळी बाजारात एका कोळणीच्या तराजूला तिने टिचकी मारली, तेव्हा त्या बाईने कोयता खाली ठेवला, हात पुसला, आणि शहाणीच्या मनगटावर एक टिचकी मारली. वजन बरोबर निघालं.

दुसरं, मास्टर गेजच्या तबकडीत आरशाची एक पट्टी असते. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक येऊन एकच रेघ दिसली की आपला डोळा नेमका समोर आला असं समजायचं आणि मगच आकडा वाचायचा. शहाणी एक डोळा मिटून, श्वास रोखून ते करायची. मात्र त्याच पट्टीत टिकली सरळ आहे का तेही बघून घ्यायची. टिकलीच्या नादात एकदा आकडा चुकला, तर तिने पंपाचं तेल बदलायला लावलं.

अशा या बाईला लागून दीड महिना झाला होता. ऑगस्ट चालू होता, चार दिवस आभाळ नुसतं डोक्यावर बसलेलं. मालक आठवडाभर गावी. आणि मास्टर गेज मोठ्या प्रयोगशाळेतून तपासून परत आला. पाठीवर सील, सीलवर लिहिलेलं: उघडू नये. शहाणीने तो पेटीतून काढला, जोडला आणि पंप पूर्ण ताकदीने चालवला. काटा चढत चढत सातशे पन्नासला गेला आणि थांबला. टिचकी मारली. सातशे पन्नास. कुठे हवा गळते का म्हणून सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. पाइप बदलला. सातशे पन्नास.

दुसरं कुणी असतं तर थांबलं असतं. पण शहाणीला शाळेपासून एक वाक्य पाठ होतं: हवेचा दाब सातशे साठ मिलिमीटर पारा. ह्या वाक्याला तिला दहावीत पूर्ण गुण होते, बारावीत होते, पदवीला होते. ते तिला इतकं पाठ होतं की पनवेलच्या हवेलाही ते पाठ असणार, असं ती धरून चालली. सगळी हवा काढली म्हणजे सातशे साठ दिसलेच पाहिजेत. दिसत नाहीत, म्हणजे वाटेत टेंपोत धक्के बसून गेज बिघडला.

तिने सील तोडलं. पाठचं झाकण उघडलं, आतला बारीक स्क्रू फिरवला, आणि काटा सातशे साठवर आणून बसवला. मालक आल्यावर तिने त्यांना हे अशा थाटात सांगितलं की जणू टेंपोखाली आलेलं मूल तिने ओढून काढलंय. मालक भला माणूस. त्यांनी तिच्याकडून सूचना लिहून घेतली, लॅमिनेट करून आणली आणि पंपाच्या वर भिंतीवर लावली. माझ्या त्या वेळच्या गोल गोल अक्षरात:

मास्टर गेज बाहेरून आला की प्रथम पंप पूर्ण चालवावा. काटा ७६० वर न आल्यास आणावा.

हाच तो नियम. त्याच वर्षी डिसेंबरात एका फरसाण पॅक करणाऱ्याचा फोन आला. बाई, तुमच्या गेजचा काटा सातशे साठच्या पुढे जातोय, आकडे संपले तिथे. शहाणीने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "म्हणजे तुमचा पंप उत्तम आहे." तो माणूस इतका खूश झाला की त्याने अर्धा किलो शेव पाठवली. सगळी हवा काढून झाल्यावर आणखी दहा मिलिमीटर काढली ती कुठून आणली, हा प्रश्न शहाणीला पडला नाही. शेव चांगली होती.

पुढे दर हिवाळ्यात असे दोन-तीन फोन यायचे आणि दर हिवाळ्यात आम्ही पनवेल-तळोज्याच्या पंपांचं कौतुक करायचो.

असो. तर निवाड्याच्या दिवशी मी ठेवणीतली हिरवी साडी काढली. आमच्या यांनी पेपरातून डोकं वर करून विचारलं, कुणाचं लग्न. मी म्हटलं, एका मुलीला समज द्यायला चाललेय. "मग सुती नेस," हे म्हणाले. "समज देताना घाम येतो." मी नवीन पनवेलहून रिक्षाने निघाले. वाटेत समज देण्याची तीन वाक्यं तयार केली. पहिलं कौतुकाचं, दुसरं अनुभवाचं महत्त्व सांगणारं, तिसरं जरा कडक.

वर्कशॉपमध्ये फारसं काही बदललेलं नव्हतं. पंप तोच, त्याचा खोकला तोच, वर भिंतीवर माझा नियम. कडा पिवळ्या पडलेल्या, पण अक्षर ठणठणीत. मुलगी पाना हातात घेऊन उभी होती. तिने पाना ठेवला आणि वाकून नमस्कार केला. हे मला आवडलं नाही. नमस्कार केलेल्या माणसाला रागावणं फार अवघड जातं. मालकांची मुलगी तिच्या काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसली आणि लॅपटॉपवरून आमच्याकडे बघत राहिली.

"बसा आजी," मुलगी म्हणाली. "नियम तुमीच लिवलाय ना?"

मी हो म्हटलं. विनयाने म्हटलं, पण त्या विनयाला शाल पांघरलेली होती. मग मी तिची परीक्षा घेतली. टिचकी का मारतात, आरसा कशाला, गेज थंड असताना का वाचायचा नाही. तिने सगळी उत्तरं दिली, आणि एका ठिकाणी माझं प्रश्नातलंच चुकलेलं दुरुस्त केलं. माझं पहिलं, कौतुकाचं वाक्य असं खर्ची पडलं.

"आता बघा," ती म्हणाली आणि पंप चालू केला.

मास्टरचा काटा चढला. सातशे. सातशे साठ. तिथे तो थांबला नाही. छापलेले आकडे ओलांडून पुढच्या कोऱ्या पांढऱ्या जागेत गेला आणि आणखी एक घर पुढे जाऊन उभा राहिला. तिने टिचकी मारली. हलला नाही. म्हणजे सातशे सत्तर.

बावीस वर्षांची सवय. माझं तोंड आपोआप उघडलं. "पंप उत्तम आहे तुमचा."

"पंप तोच हाय," ती म्हणाली. "जुलैत ह्याच पंपावर सातशे साठ व्हता. मास्टर तपासून आला ना, तवा मीच सील तोरून लावला. तुमच्या नियमानं."

मग तिने एक वही काढली. जुलैपासून रोज सकाळी, काम सुरू करण्याआधी, ती पंप पूर्ण चालवून मास्टरचा आकडा लिहीत होती. शेजारच्या रकान्यात त्या दिवशीचा हवेचा दाब, मोबाइलवरच्या हवामानाच्या पानावरून घेतलेला. कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही रकाने पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत जुळ्या बहिणींसारखे हातात हात घालून चढत गेले होते. कधी एक-दोनने खाली आले तर दोघीही आल्या. फरक एवढाच की आमची बहीण रोज दहाने उंच होती. पायात उंच टाचा घालून वावरत असल्यासारखी.

मी दुसरं वाक्य बाहेर काढलं, अनुभवाचं. पण त्याऐवजी तोंडातून आलं ते पुस्तकाचं. हवेचा दाब सातशे साठ असतो, मी म्हटलं, हे जगभर मान्य आहे.

मुलीने माझ्याकडे जरा कीव येऊन पाहिलं. "आजी, हवा रोज सारखी कुठं असते? पावसात तिचा दाब पडतो. माझा बाबा दर्यावर जातो, हवा पडली का तो होरी काढत नाय." मग तिने आवाज खाली आणला, केबिनमध्ये ऐकू जाऊ नये म्हणून, किंवा मला कमी लागावं म्हणून. "टोपलीत वीस बोंबील हायत. तुमी पंचवीस काढून दावता."

तेवढं पुरलं. फिजिक्सच्या तीन वर्षांत जे कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं तेव्हा शहाणी टिकली नीट करत होती, ते मला बोंबलांनी समजावलं. जेवढी हवा असते तेवढीच काढता येते. त्या ऑगस्टमध्ये पनवेलवर हवाच सातशे पन्नासची होती. पंपाने सगळी काढली, आणि मास्टरने प्रामाणिकपणे सातशे पन्नास सांगितलं. तो खरं बोलला म्हणून शहाणीने त्याच्या पाठीत स्क्रू फिरवला.

आणि एकदाच नाही. मास्टर दर वर्षी पावसाळ्यात परत यायचा. दर वर्षी मोठ्या प्रयोगशाळेतली माणसं तो बरोबर करून, सील लावून पाठवायची, आणि दर वर्षी आम्ही सील तोडून तो भक्तिभावाने बिघडवायचो. मग वर्षभर त्या बिघडलेल्या देवासमोर बाकीच्या गेजना शपथ घालायचो.

तरी माझ्यातली शहाणी सहजासहजी मरणारी नव्हती. मोबाइलवरचा आकडा कुणी मानायचा, मी म्हटलं. तेव्हा मुलगी कोपऱ्यातल्या भिंतीशी गेली आणि तिथलं कॅलेंडर उचललं. त्याच्याखाली मागच्या वर्षीचं, त्याखाली आणखी मागचं, अशी कॅलेंडरांची चळतच एका खिळ्याला होती. सगळ्यात खाली पितळेचा बॅरोमीटर. हवेचा दाब दाखवणारं यंत्र. मालकांनी कधीतरी हौसेने आणलेलं. आणि त्याच्यावर पहिलं कॅलेंडर कुणी टांगलं ते मला लख्ख आठवत होतं, कारण तेव्हा शहाणी म्हणाली होती, खिळा मजबूत आहे, वाया कशाला घालवायचा.

बॅरोमीटर सातशे साठ दाखवत होता. मी टिचकी मारली. तो तिथेच राहिला.

आता इथे माझ्याबद्दल चांगलं लिहावं असं फार वाटतंय, पण जे झालं ते झालं. केबिनपर्यंतची ती बारा पावलं चालताना माझ्या मनात सुटकेचे तीन रस्ते आले. पहिला: मालक. नियम त्यांनीच लॅमिनेट केला, आणि ते आता उत्तर द्यायला नव्हते. दुसरा: टेंपो. तिसरा, सगळ्यात सभ्य: दोघांचंही थोडं बरोबर आहे, असं म्हणून चहा मागवायचा. आपल्याकडे निम्मे निवाडे असेच होतात आणि लोक समाधानाने घरी जातात.

दार ढकलून मी आत गेले. "समजावलंत?" मालकांच्या मुलीने विचारलं.

"अगं, काय आहे," मी सुरुवात केली, "तुझ्या बाबांनी त्या वेळी..."

आणि काचेतून पलीकडे नजर गेली. आपला निकाल लागतोय हे मुलीला माहीत होतं. तरी ती आमच्याकडे बघत नव्हती. तिने हात पुसले, ओढणीच्या पदराला नाही, वेगळ्या कापडाला. मग मास्टर गेज सोडवला, त्याची काच पुसली, आणि तान्ह्या मुलाला पाळण्यात ठेवावं तसा दोन हातांनी पेटीत ठेवला. जो खोटारडा आहे असं ती सगळ्यांशी भांडून सांगत होती, त्याच्याशीसुद्धा तिने हयगय केली नाही. मी खऱ्या गेजच्या पाठीत स्क्रू फिरवला होता.

"तुझ्या बाबांनी काही केलं नाही," मी म्हटलं. "मी केलं. मुलगी बरोबर आहे. मास्टर चुकीचा आहे, आणि तो मी चुकवला. नोकरीत असताना बावीस वेळा मी, नंतर आठ वेळा माझ्या वतीने तुम्ही."

 तिने अगदी काळजीने विचारलं, "काकू, साखर केव्हा तपासली होती?"

साखर बरी होती. मी तिला हाताला धरून बाहेर आणलं, वही दाखवली, बॅरोमीटर दाखवला, बोंबलांचं सांगितलं. तिला बोंबील कळायला वेळ लागला नाही, ती पनवेलचीच. ती पंपाजवळच्या स्टुलावर बसली. तीस वर्षं, ती म्हणाली. मी म्हटलं, फरसाणवाल्यांचं काही बिघडलं नाही, त्यांच्या शेवेला दहा मिलिमीटर कळत नाहीत. पण औषधवाल्यांचा गेज सातशे साठ म्हणायचा तेव्हा आत दहाची हवा अजून बसलेली असायची, आणि तेवढ्या हवेत त्यांची पावडर आरामात ओली राहायची. ती ऐकत होती आणि मध्येच तिला हसू फुटलं. तिने ते दाबलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मग दाबता आलं नाही. मुलगी मात्र हसली नाही. तिची नोकरी अजून टांगलेलीच होती.

मग कारखान्याच्या पत्राला उत्तर लिहायला बसलो. त्यांच्या कागदावर एक रकाना होता: चुकीचे कारण. मालकांच्या मुलीने लिहिलं, तांत्रिक कारणामुळे. हे शब्द आपल्याकडे कुठेही चालतात. लिफ्ट बंद असते, पाणी येत नाही, कार्यक्रम रद्द होतो, सगळं तांत्रिक कारणामुळे. तिने कागद मुलीकडे सरकवला, कर सही.

मुलीने कागद वाचला, दोनदा वाचला.  पण पेन तिने उचललं नाही.

"तांत्रिक कारण म्हंजे कोन?" तिने विचारलं.

केबिनमध्ये मालकांच्या मुलीने हळूच माझ्याकडे पाहिलं. बाहेर पंप खोकत होता. मालकांच्या मुलीला माझा मान सांभाळायचा होता हे मला कळत होतं, आणि तिने तो असाच सांभाळला तर शनिवारी काय होणार तेही कळत होतं. दुसऱ्यांदा सही नाकारणारी मुलगी ती ठेवून घेणार नव्हती.

"दे इकडे," मी म्हटलं. तांत्रिक कारण खोडलं आणि खाली लिहिलं: पावसाळ्यात हवेचा दाब कमी असतो हे न समजल्याने मास्टर गेज दर वर्षी चुकीचा लावला जात होता. तशी सूचना मी लिहिली होती. खाली सही केली. गोल अक्षर आता राहिलेलं नाही, हात हलतो. पण वाचता येत होतं. मग मुलीने पेन घेतलं आणि माझ्या सहीशेजारी, तपासणारी या शब्दापुढे, तिची सही केली. तिसरं, कडक वाक्य माझ्याकडे तसंच राहिलं होतं. ते मी भिंतीवरचा नियम उतरवताना त्यालाच ऐकवलं.

शनिवारी मालकांच्या मुलीने तिला कायम केलं. पुढे एक गोष्ट जोडली ती मला विचारून नव्हे: इथून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गेजवर शेवटची सही या मुलीची. ती नाही म्हणाली तर गेज जाणार नाही, मग तो कुणीही तपासलेला असो.

मास्टर गेज पुन्हा मोठ्या प्रयोगशाळेत गेला आणि तीन आठवड्यांनी आला. मला मुद्दाम बोलावणं आलं: काकू, या वेळी पहिला गेज तुमच्या हाताने तपासून होऊ दे. सुती साडी नेसून गेले. सील तसंच होतं. त्याला कुणी नख लावलं नव्हतं. बॅरोमीटरचा आकडा आधी लिहिला, मग औषधवाल्यांचा पहिला गेज मास्टरशेजारी बसवला आणि त्यातला तो दहाचा फरक स्क्रूने काढला. शंभरापासून वर चढत गेले. प्रत्येक टप्प्याला थांबले, टिचकी मारली, आरशात काटा आणि त्याचं प्रतिबिंब एक केलं. टिकलीकडे बघितलंही नाही. सातशेपर्यंत सगळं सुरेख जुळलं. कागद घेऊन ऐटीत मुलीच्या टेबलाशी गेले आणि तिच्यापुढे ठेवला.

तिने बोट फिरवत सगळे आकडे वाचले. मग कागद माझ्याकडे परत सरकवला.

"आजी, हे चरतानाचं झालं. उतरतानाचं कुठं हाय?"

हवा परत सोडताना, काटा खाली येत असतानाही तेच आकडे पुन्हा घ्यायचे असतात. चढताना खरं बोलणारा गेज उतरताना थाप मारू शकतो. मला ते माहीत होतं. मी म्हटलं, अगं चढताना एवढा बरोबर आलाय, उतरताना काय वेगळं येणार आहे. माझा बावीस वर्षांचा...

 मुलीने पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

मी मालकांच्या मुलीकडे पाहिलं. ती लॅपटॉपमध्ये खूपच गुंतलेली होती. तेव्हा मी कागद उचलला, स्टूल पंपाशी ओढलं आणि पुन्हा बसले. सातशे. सहाशे. पाचशे. सहाशेला औषधवाल्यांच्या गेजचा काटा मास्टरच्या दोन मिलिमीटर मागे राहिला होता, ते मी लिहिलं.